जुना फोटो आणि जुना सातबारा : न्यूरल नेटवर्ककडून काय करून घ्यावं, काय घेऊ नये

फोटोवरचा ओरखडा भरून काढणारं मॉडेल, म्हणजे नमुने दाखवून शिकवलेलं न्यूरल नेटवर्क, आणि फेरफाराची नोंद वाचणारं मॉडेल मुळात एकच काम करतात. जे नीट दिसत नाही तिथे काय असावं, याचा अंदाज बांधतात. ओरखड्याखालची भिंत अंदाजाने भरली तर कुणाचं काही बिघडत नाही. गुंठ्यांचा आकडा अंदाजाने भरला तर बांध सरकतो. म्हणून या दोन कामांच्या पद्धती वेगळ्या ठेवायच्या. फोटोत मॉडेलला थोडी मोकळीक द्यायची, पण चेहऱ्यापाशी तिचा लगाम खेचायचा. कागदात अजिबात द्यायची नाही.

स्कॅनिंग

निम्मं यश इथेच ठरतं. पोस्टकार्ड आकाराचा फोटो ६०० डीपीआयला (इंचामागे ६०० ठिपके) आणि पासपोर्ट आकाराचा १२०० डीपीआयला स्कॅन करा. ३५ × ४५ मिमीचा फोटो १२०० डीपीआयला साधारण १६५० × २१२५ पिक्सेलचा होतो. तोच ३०० ला केला तर जेमतेम ४१० × ५३०, आणि मग चेहऱ्यातलं उरलेलं सगळं मॉडेलला रचावं लागतं. छापील कागदाला ३०० डीपीआय पुरतं, बारीक टाइप असेल तर ४००. ६०० च्या वर गेल्याने ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर करणं, सुधारत नाही, फाइल मात्र फुगते.

कृष्णधवल फोटो आणि पिवळे पडलेले कागद रंगीत मोडमध्येच स्कॅन करा. यामागे कारण आहे. रंगीत चित्र लाल, हिरवा आणि निळा अशा तीन थरांचं, म्हणजे चॅनेलचं, बनलेलं असतं. पिवळे-तपकिरी डाग निळ्या चॅनेलमध्ये सर्वांत गडद दिसतात आणि लाल चॅनेलमध्ये सर्वांत फिके. गिम्प या चित्रं संपादित करण्याच्या मोफत साधनात हे तीन घटक (आरजीबी) वेगळे करून फक्त लाल चॅनेल घेतला, तर अर्धे डाग कोणत्याही मॉडेलशिवाय निघून जातात. निळी शाई याच चॅनेलमध्ये ठळक होते. लाल शाईचा शेरा किंवा लाल शिक्का मात्र इथे जवळजवळ अदृश्य होतो. कागदावर तसं काही असेल तर ते हिरव्या चॅनेलमधून वेगळं वाचायचं.

स्कॅनरमधल्या ‘आपोआप सुधारणा’, ‘धूळ काढा’ अशा सगळ्या सोयी बंद ठेवा. फाइल टिफ किंवा पीएनजीमध्ये साठवा. नातेवाइकांकडून फोटो मागवताना व्हॉट्सॲपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा. फोटो म्हणून पाठवला की तो दाबून लहान होतो आणि त्यातले जेपेगचे चौकोनी ठसे मॉडेल खरे तपशील समजून अजून ठळक करतं.

स्कॅनर नसेल तर फोनही चालतो. १२ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात ए-४ पान चौकटभर बसवलं तर सुमारे ३४० डीपीआय मिळतात, म्हणजे छापील मजकुराला पुरेसे. फ्लॅश बंद ठेवा, पान खिडकीजवळ पण थेट उन्हात नाही असं ठेवा आणि फोन पानाला अगदी समांतर धरा. फोनच्या कॅमेऱ्यातलं ‘ब्युटी’ बंद आहे ना, तेही बघून घ्या.

फोटोची दुरुस्ती

क्रम पाळा: आधी ओरखडे आणि घड्या, मग चेहरा, मग आकार वाढवणं, आणि हवाच असेल तर शेवटी रंग. उलटं केलं तर आकार वाढवणारं मॉडेल ओरखड्यालाच धारदार करतं आणि पुढे तो भरणं अवघड होतं.

ओरखड्यांसाठी ‘लामा’ हे मॉडेल चांगलं. ‘आयओपेंट’ हे मोफत साधन ते तुमच्याच संगणकावर, ब्राउझरच्या खिडकीत चालवतं. ग्राफिक्स कार्ड नसलं तरी चालतं, फक्त वेळ जास्त लागतो. ओरखड्यावर ब्रशने मास्क, म्हणजे कुठे भरायचं हे दाखवणारा पट्टा, रंगवायचा, आणि तो ओरखड्यापेक्षा दोन्ही बाजूंनी ३ ते ५ पिक्सेल जास्त रुंद ठेवायचा. नेमका ओरखड्याइतकाच ठेवला तर त्याची फिकट कड बाहेर राहते आणि मॉडेल ती कड ओढून पुन्हा ओरखडाच काढून देतं. लांब घडी एका दमात भरू नका. भिंत, कपडा, जमीन असे तुकडे पाडा, प्रत्येक तुकडा वेगळा भरा. नऊवारीच्या काठावरून घडी गेली असेल तर नक्षी मॉडेलला जमत नाही. तिथे शेजारचा शाबूत काठ क्लोनच्या साधनाने हाताने उचलून बसवणंच बरं. डोळे आणि ओठ यांवरून गेलेला ओरखडाही हातानेच.

चेहऱ्यासाठी ‘जीएफपीगॅन’ आणि ‘कोडफॉर्मर’ ही दोन मॉडेलं बहुतेक ॲपच्या पोटात असतात. ती कशी चालतात हे कळलं की त्यांच्या चुका आधीच ओळखता येतात. दोन्ही मॉडेलं चेहरा कापून ५१२ × ५१२ पिक्सेलच्या चौकटीत सरळ बसवतात, तिथे नव्याने रचतात आणि मूळ जागी चिकटवतात. चेहऱ्यांचं त्यांचं शिक्षण झालं ते एफएफएचक्यू या ७० हजार चेहऱ्यांच्या संग्रहावर. ते फोटो फ्लिकरवरून घेतलेले, आजच्या कॅमेऱ्यांचे. १९४० मधल्या कोल्हापुरातल्या बाईच्या कपाळावरचं आडवं कुंकू, नथीचे मोती, पुरुषाच्या कानातली भिकबाळी हे त्या संग्रहात जवळजवळ नाहीच. म्हणून मॉडेल कुंकवाला डाग समजून पुसतं, नथ गालाच्या सावलीत विरघळवतं, फेट्याची कड केसांत मिसळतं. सुरकुत्याही घासून टाकतं.

कोडफॉर्मरमध्ये ० ते १ असा निष्ठेचा आकडा असतो. ० कडे गेलात की चेहरा गुळगुळीत पण अनोळखी, १ कडे गेलात की मुळाशी प्रामाणिक. घरच्या माणसाच्या फोटोला ०.७ च्या खाली जाऊ नये असं आमचं ठाम मत आहे. मोबाइल ॲपमध्ये हा आकडा सहसा दिसतच नाही, आणि ज्यात दिसत नाही ते ॲप या कामाला वापरू नका. मॉडेलने दिलेला चेहरा थेट स्वीकारूही नका. गिम्पमध्ये मूळ चित्रावर तो वेगळा लेयर म्हणून ठेवा, अपारदर्शकता ५० ते ७० टक्के करा आणि लेयर मास्कने कुंकू, नथ, मिशा, कडेचे केस इथे मूळ चित्र वर येऊ द्या. मग ज्यांनी त्या व्यक्तीला पाहिलंय अशा कुणाला तरी मूळ आणि नवी प्रत शेजारी ठेवून दाखवा.

लग्नातल्या समूहफोटोत मागच्या रांगेतला चेहरा ५०-६० पिक्सेल रुंदीचा असेल तर त्याला हात लावू नका. तेवढ्यात ओळख पटवणारी माहितीच शिल्लक नसते. मॉडेल चेहरा देईल, पण तो कुणाचा तरी असेल. २०२० मध्ये ‘पल्स’ नावाच्या अशाच मॉडेलला बराक ओबामांचा अगदी लहान केलेला फोटो दिला तेव्हा त्याने गोऱ्या माणसाचा चेहरा काढून दिला होता.

आकार वाढवायला ‘रिअल-ईएसआरगॅन’ घ्या. ‘अपस्केल’ नावाचं मोफत डेस्कटॉप ॲप तेच वापरतं, पण त्याला वल्कन (ग्राफिक्स कार्डशी बोलणारी प्रणाली) चालवणारं ग्राफिक्स कार्ड लागतं. मेमरी संपल्याचा संदेश आला तर टाइलचा आकार ४०० किंवा २५६ करा. चित्र तुकड्यांत हाताळलं जातं. यादीतलं ‘ॲनिमे’चं मॉडेल फोटोला लावू नका, कातडी रंगवलेल्या पोस्टरसारखी दिसते. चौपट करून नंतर अर्ध्यावर आणलं, म्हणजे एकूण दुप्पट केलं, तर कृत्रिम चकाकी बरीच कमी होते. शेवटी सगळ्या चित्रावर हलके दाणे (ग्रेन) पसरवा. नाहीतर दुरुस्त भाग तुळतुळीत आणि बाकीचा भाग दाणेदार, असा जोड डोळ्यांना खुपतो.

रंग भरणं हा शुद्ध अंदाज आहे. कृष्णधवल फोटोत साडीचा रंग नोंदलेलाच नसतो, तेव्हा ‘डीडीकलर’ किंवा ‘डीओल्डिफाय’ तो शोधून काढू शकत नाहीत. घरात कुणाला रंग आठवत असेल तर तो हाताने भरा. मॉडेलचे रंग वापरायचे असतील तर रंगीत प्रत वरचा लेयर म्हणून ठेवा आणि लेयरचा मोड फक्त रंग घेणारा करा. मग छटा मॉडेलची येते, तपशील आणि उजेड मूळ फोटोचा राहतो. फाइलच्या नावात ‘रंग अंदाजे’ लिहा. अजून वीस वर्षांनी कुणीतरी त्या साडीला खरंच जांभळी समजेल.

कागद वाचून घेताना

वरची सगळी सुधारणा-मॉडेलं कागदाला पूर्ण वर्ज्य. पुसट मजकुरावर रिअल-ईएसआरगॅन चालवलं की ते जोडाक्षरांच्या जागी अक्षरासारख्या दिसणाऱ्या रेघा काढतं. त्यात चुकीचा आकडाही स्वच्छ आणि ठसठशीत दिसतो. साध्या स्कॅनमध्येही हे होऊ शकतं. २०१३ मध्ये डेव्हिड क्रीझेल या जर्मन संगणकतज्ज्ञाला आढळलं की झेरॉक्सची वर्कसेंटर यंत्रं स्कॅन करताना आकडेच बदलत होती. बांधकामाच्या आराखड्यात वेगवेगळ्या खोल्यांचं क्षेत्रफळ एकसारखं १४.१३ चौ. मी. आलं. जेबिग-२ या दाबण्याच्या पद्धतीत ‘हा ठिपक्यांचा समूह त्या समूहासारखाच आहे’ असं मानून एकाच्या जागी दुसरा छापला जात होता. म्हणून पीडीएफ लहान करताना माहिती गाळणारी जेबिग-२ पद्धत निवडायची नाही.

देवनागरी छपाईसाठी मोफत ओसीआर साधनांमध्ये ‘टेसरॅक्ट’ अजूनही पहिलं. २०१८ च्या चौथ्या आवृत्तीपासून ते न्यूरल नेटवर्कवर चालतं आणि अख्खी ओळ एकत्र वाचतं. शिरोरेषेने अक्षरं एकमेकांना चिकटलेली असल्याने अक्षर तोडून ओळखण्याची जुनी पद्धत देवनागरीत अडखळायची. ती अडचण यामुळे बरीच कमी झाली. मराठीची भाषा-फाइल ‘बेस्ट’ या संचातली घ्या. ‘फास्ट’ संच वेगवान, पण जोडाक्षरांत कच्चा. पान पूर्ण मराठी असेल तर फक्त मराठी निवडा. सोबत हिंदी आणि इंग्रजी ‘असू द्या’ म्हणून जोडली की शब्दागणिक गोंधळ वाढतो.

पानाच्या मांडणीचा आकडा, म्हणजे पीएसएम, हाताने द्या. साध्या एकसंध मजकुराला ६, एकाच ओळीच्या कापलेल्या तुकड्याला ७, स्तंभ असलेल्या वर्तमानपत्राला ३. कागद एका बाजूला काळवंडलेला असेल तर टेसरॅक्टच्या पाचव्या आवृत्तीत थ्रेशोल्डिंगची (शाई आणि कागद वेगळे करण्याची) पद्धत २, म्हणजे सौवोला, लावून बघा. मूळची ओत्सू पद्धत सगळ्या पानाला एकच सीमा लावते, त्यामुळे काळवंडलेल्या बाजूचा मजकूर शाईच्या गोळ्यात जातो.

डाग काढणारी कोणतीही गाळणी लावताना अनुस्वाराकडे लक्ष ठेवा. ३०० डीपीआयला अनुस्वार म्हणजे मोजक्या पिक्सेलचा ठिपका, आणि गाळणीला तो धुळीचा कण वाटतो. ‘मांडी’ची ‘माडी’ होते, अपूर्णांकातलं टिंब जातं. आधी तिरकं पान सरळ करा, मग कडा कापा. डाग काढणं सर्वांत शेवटी, आणि शक्यतो टाळाच.

टेसरॅक्टकडून नुसता मजकूर न घेता टीएसव्ही फाइल, म्हणजे तक्त्याच्या रूपातली फाइल, घ्या. तिच्यात प्रत्येक शब्दापुढे ० ते १०० असा विश्वासाचा आकडा असतो. ८० च्या खालचे शब्द आधी तपासा. अंकांना मात्र हा नियम लावू नका, कारण १ चा ९ वाचतानाही मॉडेल पूर्ण विश्वासाने वाचतं. शब्द चुकला तर वाक्य अडतं आणि चूक कळते. अंकाच्या शेजारी तसं सांगणारं काही नसतं. मराठी छपाईत नेहमी फसणाऱ्या जोड्या लक्षात ठेवा: घ आणि ध, भ आणि म, ब आणि व, थ आणि य, ख आणि रव, ५ आणि ४. ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’ यांतला ऱ्य वारंवार मोडतो. छपाईच्या जुन्या खिळ्यांतले मराठी वळणाचे ल आणि श, तसंच ५, ८, ९ यांची जुनी रूपं हाही त्रासाचा भाग आहे.

श्रीलिपी किंवा कृतिदेव अशा जुन्या फॉन्टमध्ये बनवलेला पीडीएफ डोळ्यांना नीट दिसतो, पण मजकूर कॉपी केला की रोमन अक्षरांचा कचरा येतो. आत खरंच तसाच मजकूर साठवलेला असतो, फॉन्टने त्याला देवनागरी चेहरा दिलेला असतो. अशा फाइलवर ‘ओसीआर-माय-पीडीएफ’ हे साधन चालवताना ‘फोर्स ओसीआर’ हा पर्याय द्या. ते पानांची आधी चित्रं करतं, जुना थर टाकून देतं आणि युनिकोडचा नवा, शोधता येणारा थर घालतं. हा पर्याय दिला नाही तर ‘पानावर मजकूर आधीच आहे’ म्हणून काम तिथेच थांबतं.

सातबारा आणि फेरफार

तक्त्याच्या रेषा शिरोरेषेत मिसळतात, म्हणून अख्खा उतारा एकदम वाचायला देऊ नका. रकाना कापून वेगळी फाइल करा, पीएसएम ६ लावा, नंतर तक्ता जुळवा. हस्तलिखित नोंदींवर टेसरॅक्टचा उपयोग नाही. तिथे चित्र पाहणारी मोठी भाषा-मॉडेलं, म्हणजे जेमिनी, चॅटजीपीटी, क्लॉड, बरीच पुढे आहेत. पण त्यांची चूक वेगळ्या जातीची असते. टेसरॅक्ट चुकलं की कचरा दिसतो. ही मॉडेलं चुकली की सुरेख, व्याकरणशुद्ध, खरं वाटणारं मराठी येतं.

मोठं चित्र आत जाण्याआधी लहान केलं जातं, त्यामुळे ए-४ पानाच्या आडव्या तीन-चार पट्ट्या कापून एकेक द्या. शेजारच्या पट्ट्यांत दोन ओळी सामाईक ठेवा. सूचना अशी असावी:

‘या चित्रात जे दिसतं ते ओळीला ओळ जसंच्या तसं उतरवून दे. शुद्धलेखन सुधारू नकोस, अनुस्वार काढू किंवा घालू नकोस, अंक देवनागरीतच ठेव. वाचता येत नसेल तिथे [अवाच्य] लिही, शंका असेल त्या शब्दापुढे [?] लिही. चित्रात नसलेला एकही शब्द घालू नकोस. अर्थ किंवा सारांश देऊ नकोस.’

शुद्धलेखनाची सूचना गाळू नका. १९६२ च्या नियमांआधीच्या मराठीत ‘नाहीं’, ‘कांहीं’, ‘घरांत’ असे अनुस्वार असतात, आणि मॉडेल ते गुपचूप आजच्या रूपात आणतं. ते एकदा ‘सुधारायला’ लागलं की गावाचं आणि माणसाचं नावही ओळखीच्या नावाकडे ओढतं. अर्थ, सारांश किंवा तक्ता हवा असेल तर तो उतरवलेला मजकूर तपासून झाल्यावर वेगळा मागा.

तीच पट्टी नव्या संभाषणात, शक्य असल्यास दुसऱ्या मॉडेलला, पुन्हा द्या. दोन वाचनं जिथे वेगळी येतील तिथे मूळ कागद भिंगाखाली धरायचा. ‘हे बरोबर आहे का?’ असं त्याच संभाषणात विचारू नका. मॉडेल बहुधा हो म्हणतं, आणि तुम्ही जोर दिलात तर बरोबर वाचलेलंही बदलतं.

दोन वाचनं जुळली तरी आकड्यांची तपासणी गणिताने करा. जुन्या कागदांची मोजमापंच इथे मदतीला येतात. एकर-गुंठ्यांत गुंठे ३९ च्या पुढे जात नाहीत, कारण ४० गुंठ्यांचा एकर. हेक्टर-आर-चौ. मी. अशा मांडणीत आर आणि चौ. मी. दोन्ही ९९ च्या आत. १९५७ च्या दशमान नाण्यांआधीच्या रकमेत आणे १५ च्या आणि पै ११ च्या पुढे नाहीत; ‘३-१४-६’ म्हणजे तीन रुपये चौदा आणे सहा पै. मॉडेल त्याची तारीख करतं किंवा ३.१४६ करतं. लागवडीयोग्य क्षेत्र आणि पोटखराबा यांची बेरीज एकूण क्षेत्राशी जुळली पाहिजे. खातेदारांच्या क्षेत्रांची बेरीजही गटाच्या क्षेत्राशी ताडून बघा. एकर-गुंठ्यांचा जुना उतारा आणि हेक्टरमधला नवा उतारा दोन्ही असतील तर गुंठ्याला १०१.१७ चौ. मी. धरून ताळा घ्या. शके दिलं असेल तर ७८ मिळवून इसवी सन काढा; चैत्राआधीच्या महिन्यांत ७९ येतात. ती तारीख शेजारच्या नोंदींच्या क्रमात बसते का तेही बघा.

एक्सेलमध्ये मजकूर चिकटवण्याआधी स्तंभाचा प्रकार ‘टेक्स्ट’ करा. नाहीतर ‘1-12-50’ ची तारीख होते आणि मूळ आकडा परत मिळत नाही.

आधार, पॅन, खाते क्रमांक असलेला कागद ऑनलाइन सेवेला देऊ नका. तो टेसरॅक्टवर घरीच वाचा. द्यावाच लागला तर तो भाग चित्रावरच भरीव काळ्याने भरा. धूसर केलेले अंक पुष्कळदा पुन्हा काढता येतात, आणि पीडीएफवर काळी चौकट ठेवली तर खालचा मजकूर तसाच राहतो. चौकट ठेवून झाल्यावर पानाचं पीएनजी करा आणि तेच पाठवा.

मोडीसाठी टेसरॅक्टची अधिकृत भाषा-फाइल नाही. सर्वसाधारण भाषा-मॉडेलं मोडीचं पान दिल्यावर वाचल्याचा आव आणतात, आणि येणारा मजकूर बहुतांशी रचलेला असतो. मोडीत शब्दांमध्ये जागा सुटत नाही आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेदही नसतो, त्यामुळे अंदाजाला मोकळं रान मिळतं. एकाच लेखकाच्या हातची बरीच पानं असतील तर ‘ट्रान्सक्रिबस’ या हस्तलिखितं वाचणाऱ्या ऑनलाइन सेवेवर स्वतःचं मॉडेल शिकवता येतं. त्यासाठी मोडीवाचकाकडून आधी ५ ते १५ हजार शब्द अचूक उतरवून घ्यावे लागतात. एकदोन पानंच असतील तर मोडीवाचकाकडेच जा.

साठवताना चार गोष्टी एका फोल्डरमध्ये ठेवा: हात न लावलेला स्कॅन, सुधारलेली प्रत, उतरवलेला मजकूर आणि कोणत्या साधनाने कोणत्या आकड्यावर काय केलं याची दोन ओळींची नोंद. हात न लावलेला स्कॅन ‘फक्त वाचा’ करून ठेवा. कचेरीत किंवा कोर्टात यातलं काहीच चालत नाही. तिथे कचेरीतून काढलेली प्रमाणित नक्कल किंवा डिजिटल सहीची अधिकृत प्रतच लागते. तुम्ही उतरवलेल्या मजकुरातून फेरफार क्रमांक आणि वर्ष नेमकं मिळालेलं असेल, तर अर्जात तेच लिहून ती नक्कल मागता येते.